वॉचमन मामांचा क्षय आणि ब्याऐंशी वर्षांच्या आजी: एका सोसायटीतलं प्रकरण

हे प्रकरण पुण्याच्या उपनगरातल्या बत्तीस फ्लॅटच्या एका सोसायटीत घडलं. मी तेव्हा व्यवस्थापन समितीवर होतो, त्यामुळे बैठकांची इतिवृत्तं आणि खर्चाचे हिशोब माझ्या डोळ्यांखालून गेलेले आहेत. ज्यांची ही गोष्ट आहे त्या कुटुंबाला आणि आजींना मजकूर आधी वाचून दाखवला. ओळख पटेल असे तपशील त्यांच्या सांगण्यावरून बदलले किंवा गाळले, नाव कुणाचंच दिलं नाही. जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा आपल्या देशात आहे आणि बहुतेक सोसायट्यांत पार्किंगच्या कोपऱ्यात वॉचमनची एक खोली असते. त्यामुळे हा प्रसंग आणखी कुणावर येणारच नाही, असं म्हणता येत नाही.

पार्श्वभूमी

आमचे वॉचमन मराठवाड्यातल्या एका कोरडवाहू गावचे, वय पंचेचाळीसच्या आसपास. त्यांना लहानथोर सगळे मामा म्हणतात आणि त्यांच्या पत्नीला मामी. गावी दोन एकर जमीन, त्यातही भावाचा वाटा, विहिरीला जेमतेम संक्रांतीपर्यंत पाणी. नऊ वर्षांपूर्वी ते पुण्याला आले आणि सोसायटीतच राहिले. पंपाच्या खोलीला लागून दहा बाय दहाची त्यांची खोली. तिला खिडकी होती, पण विजेच्या मीटरांचं कपाट नेमकं त्या खिडकीसमोर बसवलेलं होतं. पगार अकरा हजार, खोली आणि वीज फुकट. मामी चार घरी धुणी-भांडी करायच्या, त्यातल्या एका घरी तान्हं बाळही सांभाळायच्या. मुलगी आठवीत, मुलगा चौथीत, दोघंही महापालिकेच्या शाळेत.

पगार सोसायटी थेट देत होती. नेमणुकीचं पत्र नव्हतं, रजेचा नियम नव्हता. कामाला दहापेक्षा कमी माणसं असल्यामुळे ईएसआयचा, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचा, कायदा लागू होत नव्हता. तो लागू असता आणि त्याच्या अटी पूर्ण झाल्या असत्या, तर क्षयासारख्या लांबणाऱ्या आजारात पगाराच्या ८० टक्के रक्कम दोन वर्षांपर्यंत मिळू शकते. मामांच्या आजारपणात सोसायटीनं काय करायचं, हे सांगणारा एकही कागद आमच्याकडे नव्हता. जे व्हायचं ते बत्तीस घरांच्या मर्जीवर होणार होतं.

आजी तिसऱ्या मजल्यावर मुलाच्या कुटुंबात राहतात. सातारा जिल्ह्यात प्राथमिक शिक्षिका म्हणून त्यांनी नोकरी केली. फ्लॅट मुलाच्या नावावर आहे, म्हणजे सोसायटीच्या सभेत आजींना मत नाही. त्या कधी सभेला येतही नसत. संध्याकाळी पार्किंगमध्ये खुर्ची टाकून बसायच्या, मुलांचे पाढे घ्यायच्या. त्या मुलांत मामांचा मुलगाही असायचा. एवढीच त्यांची सोसायटीतली जागा.

प्रश्न

दिवाळीनंतर मामांना खोकला सुरू झाला. औषधाच्या दुकानातून दोन-तीन बाटल्या आणून झाल्या. खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकला तर थुंकीची तपासणी करावी, हे दवाखान्याच्या भिंतीवर लिहिलेलं असतं. पण रात्रपाळी आणि थंडी यांच्या नावावर सगळंच खपून जातं. अंगावरचे कपडे सैल झाले, संध्याकाळी कणकण येऊ लागली. जानेवारीच्या अखेरीस मामींनी हट्टानं त्यांना महापालिकेच्या दवाखान्यात नेलं. बेडक्याच्या तपासणीत क्षयाचे जंतू सापडले. नेहमीच्या औषधांना दाद देणारा क्षय आहे हेही त्याच तपासणीत कळलं, ही त्यातल्या त्यात चांगली बातमी. दुसऱ्या दिवशी गोळ्या सुरू झाल्या.

मामांनी हे लपवलं नाही. त्याच संध्याकाळी ते अध्यक्षांच्या दारात, जिन्यातच उभं राहून सांगून आले. अध्यक्षांनी ते एका सदस्याला विश्वासानं सांगितलं आणि रात्री सोसायटीच्या ग्रुपवर संदेश आला, ‘आपल्या वॉचमनला टीबी आहे. मुलांना पार्किंगमध्ये पाठवू नये.’ 

सकाळपर्यंत चारांपैकी तीन घरांनी मामींना येऊ नका म्हणून कळवलं. गेटवरच्या वहीवर कुणीतरी सॅनिटायझर फवारलं. क्रिकेट खेळणाऱ्या मुलांनी मामांच्या मुलाला सांगितलं की तुला आज खेळायचं नाही. मुलीला शाळेच्या रिक्षात कुणी काही बोललं असावं. ती दुपारी आली आणि खोलीचं दार लावून बसली. 

एक गोष्ट इथे सांगायला हवी, कारण ती सांगितली नाही तर बत्तीस घरांवर अन्याय होईल. सगळीच भीती खोटी नव्हती. क्षय हवेतून पसरतो, खोकणाऱ्या रुग्णाच्या सहवासात बंद जागी जास्त वेळ राहिल्यानं पसरतो. आमच्याकडे एक चार महिन्यांचं बाळ होतं आणि मूत्रपिंड बदललेले एक गृहस्थ होते, ज्यांची प्रतिकारशक्ती औषधांनी मुद्दाम कमी ठेवलेली असते. या दोन घरांना काळजी वाटणं रास्तच होतं.

समोर आलेले पर्याय

दुसऱ्याच दिवशी समितीची तातडीची बैठक बसली. एका महिन्याचा पगार हातावर ठेवून मामांना कामावरून कमी करावं, असं दोघांचं म्हणणं होतं. उरलेल्यांना ते कठोर वाटलं. गावी पाठवून द्यावं, पूर्ण बरे झाले की परत बोलवावं, यावर बहुतेकांचं एकमत होत आलं होतं. त्यात माया होती असंही वाटत होतं. गावची मोकळी हवा, घरचं दूध, आपली माणसं, असं बरंच बोललं गेलं. मामांना खोलीत राहू द्यावं पण गेटवर बदली माणूस ठेवावा, हा तिसरा विचार खर्चाचं कारण सांगून बाजूला पडत होता. गच्चीवरची सामानाची खोली रिकामी करून मामांना एकट्याला तिथे ठेवावं, हा चौथा.

ठराव लिहायला घेतला तेवढ्यात आजी आल्या. मुलानं हात धरला होता. बसा म्हटलं तर बसल्या नाहीत. 

“मला मत नाही, ठाऊक आहे. एक विचारते आणि जाते. मामांना विचारलंत का?”

कुणीच विचारलं नव्हतं. दोन तास चर्चा चालली होती, मामा खाली पन्नास पावलांवर होते.

“मग दोन दिवस थांबा,” आजी म्हणाल्या. “गोळ्या सुरू झाल्यात ना? दोन दिवसांत काही बिघडत नाही. तोवर मी जरा माहिती घेऊन येते.”

ठराव पुढे ढकलला गेला. या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय मला हाच वाटतो. आजींनी त्या दिवशी कुणाला दया दाखवा म्हटलं नाही, कुणाला दोष दिला नाही. तसं केलं असतं तर लोक आपापली बाजू धरून बसले असते आणि ठराव त्याच रात्री झाला असता.

दोन दिवसांत आजींनी काय केलं

सकाळी त्या मुलाबरोबर महापालिकेच्या दवाखान्यात गेल्या आणि रांगेत बसल्या. सोबत शाळकरी वही होती. क्षयविभागातल्या आरोग्यसेविकेला आणि डॉक्टरांना विचारून त्यांनी जे उतरवून आणलं, ते नंतर बैठकीत वाचून दाखवलं. उपचार सहा महिन्यांचा: पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. गोळ्या रोज, वजनाप्रमाणे. औषधं नियमित सुरू झाली की साधारण दोन आठवड्यांत संसर्ग पसरण्याची शक्यता खूप कमी होते. ताटवाटीनं, कपड्यानं, गेटच्या कडीनं, हात लावल्यानं क्षय होत नाही. घरातल्या सगळ्यांची तपासणी करायची आणि ज्यांना आजार नाही त्यांना प्रतिबंधक औषध द्यायचं. 

डॉक्टरांनी त्यांना आणखी एक गोष्ट सांगितली, ती आजींच्या वहीत अधोरेखित होती. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात मद्रासमध्ये एक मोठा अभ्यास झाला होता. काही रुग्णांना सॅनेटोरियममध्ये, म्हणजे क्षयरुग्णांसाठीच्या वेगळ्या रुग्णालयात, ठेवून औषधं दिली, काहींना त्यांच्या दाटीवाटीच्या घरीच. १९५९ साली निष्कर्ष आले. घरी राहिलेले रुग्णही जवळपास तितकेच बरे झाले होते, आणि त्यांच्या घरच्यांना सॅनेटोरियमवाल्यांच्या घरच्यांपेक्षा जास्त लागण झाली नव्हती. जो काही संसर्ग व्हायचा तो बहुतेक करून औषध सुरू होण्याआधीच झालेला असतो. क्षयरोग्याला घरापासून तोडून ठेवण्याची पद्धत जगभर मागे पडायला हा आपल्याच देशातला अभ्यास मोठं कारण ठरला. 

हे सगळं समजून घेतल्यावरच त्या मामांकडे गेल्या. पार्किंगच्या उघड्या बाजूला दोन खुर्च्या टाकल्या, दोघांनी मास्क लावले. बोलणं तासभर चाललं. त्यातलं मामांनी मला नंतर सांगितलं ते असं.

गावी त्यांना जायचंच नव्हतं. तालुक्याचा दवाखाना गावापासून लांब, एसटी दिवसातून दोनदा. मुलीची शाळा सुटली असती आणि तिथे गेलेली आठवीतली मुलगी परत शाळेत येईल याची खात्री नव्हती. सगळ्यात मोठं कारण म्हणजे गावात हा आजार कळला असता तर पुढे मुलीच्या लग्नात तोच निघाला असता. आम्ही जी मोकळी हवा आणि आपली माणसं म्हणत होतो, त्याच माणसांपासून मामांना हे लपवायचं होतं. 

आणि त्यांनी दोन गोष्टी मागितल्या. मुलाला कुणी ‘तुझ्या बापाला’ म्हणून काही बोलू नये. आणि वर्गणी काढू नये. 

बाळाची आई

पहिल्या मजल्यावरच्या बाळाच्या आईनं ग्रुपवर सगळ्यात कडक लिहिलं होतं. मामी रोज तिच्या बाळाला मांडीवर घेत होत्या. मामांची बाजू घेणाऱ्या दोन-तीन जणांनी तिला ग्रुपवरच सुनावलं. शिकलेली माणसं अशी वागतात, माणुसकी राहिली नाही, वगैरे. तिनं ग्रुप सोडला.

आजी त्याच संध्याकाळी तिच्या घरी गेल्या. मला ही भेट मामांच्या भेटीइतकीच मोलाची वाटते, आणि तिच्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. आजींनी तिला समजावलं नाही. बाळाला दृष्ट लागू नये असं काहीतरी पुटपुटल्या आणि विचारलं, “झोप लागली का गं रात्री?” ती रडायला लागली. नवरा परदेशी कामाला, सासर-माहेर दूर, आणि रात्रभर ती बाळाचा श्वास मोजत बसलेली. 

“तुला भीती वाटली यात तुझं काही चुकलेलं नाही,” आजी म्हणाल्या. “आपण उद्या डॉक्टरांकडे जाऊ. ते काय म्हणतात ते ऐकू, मग तू ठरव.” 

बालरोगतज्ज्ञांनी बाळाला तपासलं. जन्मानंतर क्षयाविरुद्धची बीसीजी लस दिलेली होती, बाळ ठणठणीत होतं. मामींचा छातीचा एक्स-रे दवाखान्यानं काढला, तो स्वच्छ आला. ज्याला स्वतःला आजार झालेला नाही तो दुसऱ्याला क्षय देऊ शकत नाही, हे डॉक्टरांनी तिला नीट उलगडून सांगितलं. तरीही तिनं महिनाभर मामींना बोलावलं नाही, पण पगार मात्र चालू ठेवला. आजींनी त्यावर एक शब्द काढला नाही. महिन्यानंतर तिनंच मामींना फोन केला.

मूत्रपिंड बदललेले गृहस्थ आपणहून बैठकीत म्हणाले, “मला जपावं लागणारच, मी माझ्या डॉक्टरांना विचारलंय. मी महिनाभर मागच्या गेटनं जाईन. पण माझ्या नावानं त्यांना काढू नका.” ज्याला खरा धोका सगळ्यांत जास्त, तो माणूस असं म्हणाल्यावर बैठकीतला आवाज खाली आला.

गच्चीवरची खोली

दुसऱ्या बैठकीत गावी पाठवण्याचा विचार मागे पडला. मामांनी दोन महिने गेटवर बसायचं नाही, आराम करायचा, यावर सगळे राजी होते. त्यांनी राहायचं कुठे, यावर मात्र पुन्हा गाडी अडली. 

गच्चीवर गणपतीच्या सजावटीचं सामान ठेवायची खोली आहे. ती स्वच्छ करायची, कॉट टाकायची, पंखा लावायचा, जेवण वर पोचवायचं. प्रस्ताव मांडणाऱ्यांनी पदरचे पैसे घालायची तयारी दाखवली होती, त्यांचा हेतू चांगला होता. हवा भरपूर, मुलांपासून अंतर. मलाही हाच मार्ग बरोबर वाटत होता. 

मामींनी नकार दिला. त्या म्हणाल्या, “वर एकटं ठेवलं म्हणजे वाळीत टाकल्यासारखंच की. रात्री ढास लागली तर पाणी कोण देणार?” 

काही जण चिडले. इतकं करतोय तरी यांना पटत नाही, असा सूर निघाला. तेव्हा आजींनी आपल्या थोरल्या बहिणीची गोष्ट सांगितली, ती सोसायटीत त्यांच्या मुलालाही पूर्ण ठाऊक नव्हती. अक्का लग्नानंतर वर्षभरात माहेरी परत आली, ती क्षय घेऊनच. साल १९५२. तिला पडवीत ठेवलं, तिची ताटली वेगळी, तिचं अंथरूण वेगळं, धाकट्यांनी पलीकडे जायचं नाही. पुढे मिरजेजवळच्या वानलेसवाडीच्या सॅनेटोरियममध्ये नेलं, तिथे दुसऱ्या वर्षी ती गेली. “घरातल्यांचं तिच्यावर प्रेम नव्हतं असं नाही,” आजी म्हणाल्या. “आई रोज तिच्यासाठी अंडं आणि दूध करायची. पण ते उंबऱ्यावर ठेवून मागे सरायची. आमच्या आजीला हे बघवलं नाही. ती म्हातारी रोज दुपारी आपलं ताट घेऊन पडवीत जायची आणि अक्काच्या समोर बसून जेवायची. अक्का सॅनेटोरियममधून पत्र लिहायची त्यात औषधाचं कधी काही नसायचं. म्हातारी जेवली का, एवढंच विचारायची.”

आजी थांबल्या आणि मग म्हणाल्या, “तेव्हा औषध मिळायची मारामार होती, म्हणून लोक घाबरायचे, ते समजू शकते. आता औषध आहे. मामांना कुठे झोपायचंय ते त्यांना विचारा.”

मामांनी सांगितलं ते आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. पार्किंगच्या टोकाची पत्र्याची शेड तीन बाजूंनी उघडी आहे. नऊ वर्षं ते रात्री तिथेच खुर्चीवर बसत आले होते. पहिले काही आठवडे तिथेच कॉट टाकावी, खोलीचं दार समोर दहा फुटांवर, हाक मारली की मामींना ऐकू येतं. फेब्रुवारीची थंडी ओसरत आली होती. दवाखान्यातल्या डॉक्टरांनीही मान डोलावली. सोबत खोलीच्या मागच्या भिंतीत नवी खिडकी काढायची ठरली. नऊ वर्षं चार माणसं त्या खोलीत श्वास घेत होती आणि खिडकी हवी हे आजार आल्यावर सुचलं, हे मला लिहून ठेवावंसं वाटतं.

पगाराचा हिशोब

ग्रुपवर एव्हाना वर्गणीची यादी सुरू झाली होती, नाव आणि आकडा. आजींनी अध्यक्षांना ती काढून टाकायला लावली. त्यांचं म्हणणं साधं होतं. यादी लागली की मामांना पुढची कितीतरी वर्षं बत्तीस दारांसमोर मान खाली घालून जावं लागेल, आणि ज्यानं शंभर दिले त्यालाही पाचशे दिलेल्यासमोर. नोकरीतल्या माणसाला आजारपणात रजा मिळते तशी मामांना दोन महिन्यांची पगारी रजा द्यावी आणि ती देखभाल खर्चातून जावी.

खजिनदारांनी आकडे मांडले. मामांचा पगार अंदाजपत्रकात होताच. बदली सुरक्षारक्षकाचे महिन्याला साडेतेरा हजार, म्हणजे दोन महिन्यांचे २७ हजार. खिडकी, जाळी आणि हवा बाहेर फेकणारा पंखा मिळून सात हजार. दर फ्लॅटमागे अकराशे रुपयांच्या आत. ज्या रकमेवर दोन बैठका गाजल्या ती एवढीच होती. आकडा फळ्यावर लिहिल्यावर ठराव दहा मिनिटांत झाला. एका कुटुंबानं विरोध नोंदवला आणि आपला हिस्सा पुढचे काही महिने भरला नाही.

सहा महिने

औषधाचे दिवस सरळ गेले नाहीत. गोळ्यांनी लघवी नारिंगी होते, हे दवाखान्यात सांगितलेलं मामांच्या लक्षात राहिलं नव्हतं, ते रक्त समजून घाबरले. मळमळ होती. घराघरांतून डिंकाचे, खारकेचे, तुपातले लाडू येत होते आणि मामांना तुपाचा वासही सहन होत नव्हता. त्यांना काय खावंसं वाटतं हे विचारल्यावर कळलं की भाकरी, कांद्याची पात आणि उकडलेली अंडी. आजींच्या घरात अंडं शिजत नाही. त्यांनी कोपऱ्यावरच्या दुकानदाराला महिन्याचे पैसे आगाऊ दिले आणि मामांच्या मुलाला रोज शाळेतून येताना चार अंडी घेऊन यायला सांगितलं. सरकारच्या निक्षय पोषण योजनेतून क्षयरुग्णाला आहारासाठी तेव्हा महिन्याला ५०० रुपये मिळत. नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० झाले आहेत.

मुलगी मात्र बोलायची थांबली होती. आजी तिला संध्याकाळी वर बोलावून गणितं सोडवायला बसवत. एकदा त्यांनी तिला आनंदीबाई जोशींबद्दल सांगितलं. अमेरिकेत जाऊन डॉक्टर झालेली ती बाई परत आली आणि १८८७ साली याच पुण्यात क्षयानं गेली, अवघी एकवीस वर्षांची. मुलीनं विचारलं, “डॉक्टर असून?” आजी म्हणाल्या, “हो. तेव्हा गोळ्याच नव्हत्या. तुझ्या बाबांकडे आहेत.” मुलीनं त्या दिवसापासून गोळ्यांचा हिशोब आपल्याकडे घेतला. कॅलेंडरवर ती रोज खूण करायची.

तिसऱ्या महिन्यात खरी अडचण आली. मामांचं वजन वाढलं होतं, खोकला थांबला होता. एका नातलगाच्या लग्नाला ते चार दिवस गावी गेले आणि गोळ्या घेतल्याच नाहीत. बरं वाटायला लागल्यावर औषध सुटणं हे या आजारात फार ठिकाणी होतं, आणि त्यातूनच पुढे औषधांना दाद न देणारा क्षय उभा राहतो. मुलीनं कॅलेंडर दाखवलं. समितीतले एक जण तावातावानं म्हणाले की आपण एवढं केलं आणि यांना किंमत नाही, आता ताकीद द्यायला हवी.

आजींनी मामांना एवढंच विचारलं, “तिथे गोळी काढायला जागाच नव्हती, हो ना?” भरल्या घरात, पाहुण्यांसमोर चार गोळ्यांचं पाकीट काढायचं कसं? कुणी विचारलं तर सांगायचं काय? मामांना ते जमलं नव्हतं. आरोग्यसेविकेशी बोलून गोळ्या लगेच पुन्हा सुरू झाल्या. बाहेरगावी जाताना पित्ताच्या गोळ्यांच्या साध्या डबीत त्या न्यायच्या, असा तोडगा मामींनी काढला. यानं आजार लपवायला आपणच हातभार लावला का, असा प्रश्न मला पडला होता. अजूनही पडतो. आजींचं उत्तर होतं की मामांनी जगाला कधी सांगायचं ते मामा ठरवतील, गोळी मात्र पोटात गेली पाहिजे.

निष्पत्ती

उपचार पूर्ण झाल्यावरच्या तपासणीत जंतू सापडले नाहीत. वजन ४६ किलोवरून ५३ वर गेलं. मामा रजा संपल्यावर दिवसपाळीत आणि पुढे पूर्ण कामावर आले. मुलांनी आणि मामींनी प्रतिबंधक औषधं पूर्ण केली, कुणालाही आजार झाला नाही. सोसायटीत आणखी कुणाला क्षय निघाला नाही. 

सोसायटीनं चारही कर्मचाऱ्यांसाठी आजारपणाच्या पगारी रजेचा लेखी नियम केला. आजार सांगणाऱ्या कर्मचाऱ्याची माहिती अध्यक्ष आणि सचिव यांच्यापलीकडे त्याला विचारल्याशिवाय जाणार नाही, हेही त्यात आहे. 

प्रजासत्ताक दिनाला आजींचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचं ठरत होतं. त्यांनी नाही म्हटलं. माझा सत्कार कशासाठी ते माईकवरून सांगावं लागेल, म्हणजे मामांचा आजार पुन्हा सगळ्यांच्या तोंडी येईल, पाहुण्यांसमोर, त्यांच्या मुलांसमोर. झेंडावंदनाला मामांना दोरी ओढायला द्या, दरवर्षी तेच खांब पुसतात, असं त्यांनी सुचवलं. तसं झालं. का, ते कुणी सांगितलं नाही.

विरोध करणारं कुटुंब अजून मामांशी बोलत नाही. आजी त्यांच्या घरी संक्रांतीला तिळगूळ घेऊन जातात, दार उघडलं जातं, तेवढंच.

काय वेगळं करता आलं असतं

सुरुवात त्या पहिल्या संदेशापासून. मामांनी विश्वासानं सांगितलेली गोष्ट काही तासांत बत्तीस घरांत पोचली आणि पुढचं जवळपास सगळं नुकसान त्यातून झालं. त्याच रात्री अध्यक्षांनी दवाखान्यातल्या डॉक्टरांशी बोलून बाळाच्या आईला आणि त्या गृहस्थांना तेवढं वेगळं, नीट सांगितलं असतं, तर ज्यांना काळजी घेणं गरजेचं होतं त्यांना ती घेता आली असती आणि मामांचा मुलगा खेळातून बाहेर पडला नसता.

दुसरी गोष्ट नोव्हेंबरची. मामा दोन महिने गेटवर खोकत होते. आम्ही रोज त्यांच्यासमोरून गेलो. कुणीतरी तेव्हा दवाखान्यात नेलं असतं तर त्यांच्या घरच्यांचा धोकाही कमी झाला असता. आता दर सहा महिन्यांनी कर्मचाऱ्यांची तपासणी होते, पण तपासणीच्या तारखांच्या मधल्या काळात डोळे उघडे ठेवायला नियम पुरत नाही.

आणि सगळ्यात राहून गेलेली बाब मामींची. मामांना पगारी रजा मिळाली कारण ते सोसायटीचे नोकर होते. मामी कुणाच्याच नव्हत्या. चारांपैकी तीन घरं सुटली, बाळाच्या आईनं तिचं पगारासह पुन्हा सुरू केलं, उरलेली दोन कायमची गेली. आजारी नसलेल्या बाईचं उत्पन्न निम्म्यावर आलं आणि घर चालवायची जबाबदारी त्याच काळात तिच्यावर जास्त होती. आजींनी त्या दोन घरी जाऊन पाहिलं, उपयोग झाला नाही. बैठकीत हा विषय कुणी मांडला नाही, कारण तो सोसायटीचा नाही असं सगळेच धरून चालले होते. गेल्या वार्षिक सभेत आम्ही घरकामाच्या बायकांसाठीही आजारपणाच्या रजेचा ठराव आणला. तो मंजूर झाला, पण प्रत्येक घराला तो पाळण्याची विनंती एवढंच त्यात लिहिता आलं. आतापर्यंत अठरा घरांनी त्यावर सही केली आहे.